धर्माचा रकाना

आमच्या घरात कागदावर तीन धर्म आहेत. बाबांच्या सर्व्हिस बुकात ‘हिंदू’. माझ्या शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’. आणि माझ्यानंतर चार वर्षांनी शाळेत गेलेल्या धाकट्या भावाच्या दाखल्यावर ‘हिंदू-महार’. भिंतीवर मात्र बुद्ध आणि बाबासाहेब, घरात झालेली सगळी लग्नं बौद्ध पद्धतीची, आणि कुणी गेलं की विहारातले भन्तेजी येतात. उत्तर नागपुरात हे इतकं सर्रास आहे की त्यावर कुणी बोलतही नाही. बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो आधी गोंधळतो, मग थोडा हसतो, आणि त्या हसण्यात एक प्रश्न असतो: म्हणजे तुम्ही नेमके कोण?

या प्रश्नाचा मला पूर्वी राग यायचा. आता वाटतं, याचं सरळ उत्तर लिहून ठेवायला हवं. कारण धर्मासाठी छळ झाला की समाज काय करतो याचा विचार करताना सगळे दसऱ्याच्या दिवशी दीक्षाभूमीवर बघतात. बघण्यासारखं असतंच ते. आदल्या दिवसापासून रेल्वे भरभरून येतात, मराठवाड्यातल्या, तेलंगणातल्या बाया पांढऱ्या साड्यांत डोक्यावर गाठोडी घेऊन चालत निघतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भोजनदानाचे मंडप लागतात. खायच्या स्टॉलइतकीच गर्दी पुस्तकांच्या स्टॉलवर असते. वर्तमानपत्रवाले आकडा विचारतात आणि निघून जातात. पण आमच्या लोकांनी दिलेलं उत्तर त्या एका दिवसात मावत नाही. ते घराघरात, वर्षानुवर्षं, तुकड्यातुकड्यानं दिलं गेलं. त्यातले कित्येक तुकडे एकमेकांना जुळतही नाहीत.

बाबा १९५६ साली दहा वर्षांचे होते. १४ ऑक्टोबरला व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मोकळ्या जागेत ते आजीचा हात धरून उभे होते. बाबासाहेब आणि त्यांच्या पत्नी माईसाहेब यांनी कुशीनगरहून आलेल्या भन्ते चंद्रमणींकडून दीक्षा घेतली, आणि मग बाबासाहेबांनी स्वतः समोरच्या लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. बाबांना व्यासपीठ दिसलंच नव्हतं. त्यांना आठवते ती धूळ, आणि आवाज. एक माणूस म्हणतो आणि अख्खं मैदान मागून म्हणतं.

त्या प्रतिज्ञा मी मोठेपणी नीट वाचल्या तेव्हा लक्षात आलं की पहिल्या आठ सगळ्या नकाराच्या आहेत. अमुक देव मानणार नाही, श्राद्ध करणार नाही, ब्राह्मणाकडून क्रियाकर्म करवून घेणार नाही. समता, अष्टांगिक मार्ग, करुणा हे सगळं त्यानंतर येतं. ज्याच्या घरात शेकडो वर्षांची लाचारी साचली आहे त्याला आधी घर रिकामं करायला सांगितलं. मला हा क्रम फार व्यवहारी वाटतो. भक्तिभावानं भारावलेल्या माणसानं तो असा लावला नसता.

आजीनं घर रिकामं केलं. देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून कन्हान नदीत सोडले. रोगराईची देवी मरीमाय, तिचा दगड दाराजवळ होता, तो उचलायची हिंमत तिला लगेच झाली नाही. काही महिन्यांनी आजोबांनी तो रात्री उचलला आणि सकाळी कुणी काही विचारलं नाही. घरात कुणाला गोवर निघाला की आजी शेवटपर्यंत उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवायची. बाबा चिडवायचे, “माय, हे मरीमायचंच हाये ना?” तर ती ठसक्यात म्हणायची, “हे औषध हाये. बाबासायबानं औषध सोडा म्हनलं का?” प्रतिज्ञांच्या कसोटीवर आजी नापास झाली असती का, हे मला ठरवता येत नाही. ठरवायचंही नाही.

खरी किंमत गावाकडे मोजली गेली. आजोबा एम्प्रेस मिलच्या नोकरीसाठी शहरात आलेले, पण त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठे आबा, उमरेडकडच्या गावातच राहिले होते. दीक्षेवरून परतल्यावर तिथल्या आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं थांबवलं. लग्नात, पोळ्यात डफडं वाजवणं थांबवलं. कुणाच्या मयतीचा निरोप घेऊन गावोगाव पळणं थांबवलं. यात कुणाच्या अंगावर जाणं नव्हतं, कुणाचं काही हिसकावणं नव्हतं. हात बाजूला घेतला, एवढंच. गावानं यालाच हल्ला मानलं. शेतावरची मजुरी बंद झाली, चक्कीवर दळण मिळेना, दुकानदार मीठ देईना, गुरं चारायला रान उरलं नाही.

या कामांच्या उत्पन्नाचा मुद्दा बाबासाहेबांनी दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच्या भाषणात काढला होता. मेलेल्या ढोराचं कातडं, शिंगं, मांस यांतून महारांना वर्षाकाठी पाचशे रुपये मिळतात, ते कशाला सोडायचे, असा युक्तिवाद पूर्वी वर्तमानपत्रातून झाला होता. त्यावर त्यांचं म्हणणं असं की तुम्हीच हे काम करा, पाचशे रुपये मी देतो. मैदानात हशा पिकला असणार. मोठे आबाही ही गोष्ट सांगताना हसायचे. पावसाळ्यात पाटलाचा बैल मेला, ओढायला माणूस मिळेना, वासानं गाव हैराण झालं, शेवटी पाटलाच्या पोरांनीच नाकाला फडकं बांधून तो ओढला, हा प्रसंग आमच्या घरात इतक्या वेळा सांगितला गेला आहे की त्यात पाटलाच्या पोरांची संख्या दरवेळी वाढते.

पण मोठी आजी या गोष्टीला कधी हसली नाही. मी तिला एकदा विचारलं होतं, त्या महिन्यांत तुम्ही जेवत काय होता? ती म्हणाली, “भरडल्या दाण्याच्या कन्या. अंबाडी. मोहाची फुलं उकडून. अन् तुया आजोबानं नागपुरातून आनलेलं पीठ, तेबी पोराईपुरतं.” आजोबा सुट्टीच्या दिवशी सायकलवर पिठाची गोणी बांधून निघायचे आणि अंधार पडल्यावर गावात शिरायचे. स्वाभिमानाच्या कहाण्यांत बैल येतो, पाटील येतो. पीठ फारसं येत नाही. बहिष्कार पुरुषांनी झेलला असं आम्ही ऐकतो, आणि चुलीपाशी तो कुणी शिजवला हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

हा छळ दिसणारा होता. दुसरा कागदावर आला, आणि तो जास्त दिवस टिकला.

अनुसूचित जाती कोण, हे ठरवणारा राष्ट्रपतींचा आदेश १९५० चा. त्यात लिहिलं होतं की हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ साली, दीक्षेच्याच वर्षी, त्यात शीख धर्माची भर पडली. बौद्धांची नाही. म्हणजे ज्या माणसानं जात नाकारण्यासाठी धर्म बदलला, त्याला गाव जात विसरू देईना आणि सरकार म्हणे, तुझी जात आता आमच्या यादीत नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्यानं नवबौद्धांना आपल्या सवलती लागू केल्या, त्यावरच बाबांचं मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण झालं. पण पोस्ट, रेल्वे, केंद्राची कार्यालयं, लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागा, या सगळ्यांचं दार ‘बौद्ध’ असं लिहिणाऱ्याला बंदच होतं.

या दाराचा एक खटला आमच्या नागपूरचाच आहे. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपुरातल्या राखीव मतदारसंघातून मेश्राम निवडून आले. त्यांच्याविरुद्ध पंजाबराव नावाचे गृहस्थ कोर्टात गेले: हे बौद्ध झाले आहेत, राखीव जागेवर उभे राहूच शकत नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि निवडणूक रद्द ठरली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की धर्म मानणं म्हणजे तो उघडपणे जाहीर करणं. ज्यानं आपण जुना धर्म सोडला असं चारचौघांत सांगितलं, तो त्या धर्माचा राहिला नाही. कायदा म्हणून हे तर्कशुद्ध आहे, आणि कुणाचं मन तपासत बसण्यापेक्षा ही कसोटी बरीच बरी. पण वस्तीत त्याचा अर्थ वेगळाच पोचला. गुपचूप बौद्ध राहाल तर जागा तुमची. मैदानात हात वर कराल तर गेली.

बाबा पोस्टाचा अर्ज भरायला बसले ते याच काळात. त्यांच्या मित्रांमध्ये यावरून भांडणं झाली. एक गट म्हणायचा, उपाशी राहू पण ‘हिंदू’ लिहिणार नाही. आणि त्या गटातले काही जण खरंच आयुष्यभर बिड्या वळत किंवा रिक्षा ओढत राहिले. दुसरा गट म्हणायचा, बाबासाहेबांनी शिका म्हटलं, नोकऱ्या घ्या म्हटलं, लिहा काय लिहायचं ते. बाबांना अडचण वेगळीच होती. रोज संध्याकाळी ते विहारात पंचशील म्हणत होते, आणि त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. ‘मुसावादा वेरमणी’ म्हणायचं आणि सकाळी अर्जावर ‘हिंदू’ लिहायचं, हे त्यांना गिळवेना. शेवटी त्यांनी लिहिलं. नोकरी लागली. आम्ही शिकलो. मोठेपणी मी छेडलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “म्या खोटं नाही लिवलं. सरकारनं प्रश्नच खोटा इचारला.”

हे वाक्य मला अजून पटतं. आमच्या चळवळीतल्या काही कडव्या मंडळींना पटत नाही, त्यांना बाबांच्या पिढीचं हे दुहेरी खातं म्हणजे भित्रेपणा वाटतो. ते म्हणतात, सगळ्यांनी एकदम ‘बौद्ध’ लिहिलं असतं तर सरकारला वाकावंच लागलं असतं. असेल. पण १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या भागात अडीच हजारांच्या आसपास असलेले बौद्ध १९६१ च्या जनगणनेत जवळपास अठ्ठावीस लाख झाले. म्हणजे जिथे लिहून काही मिळणार नव्हतं, आणि गावात मारच मिळण्याची शक्यता होती, तिथे लोकांनी ‘बौद्ध’ लिहिलंच. त्या अठ्ठावीस लाखांत माझे आजी-आजोबा, मोठे आबा आणि बाबाही होते. जनगणनेत बौद्ध आणि सर्व्हिस बुकात हिंदू. ही माणसं भित्री होती असं म्हणणाऱ्यानं मोठ्या आजीच्या त्या कण्या खाऊन पाहाव्यात.

केंद्रानं तो आदेश दुरुस्त करून बौद्धांना यादीत घेतलं ते १९९० साली, वि. प्र. सिंहांच्या सरकारात. मधल्या काळात रिपब्लिकन पक्षाचा १९६४ चा मोठा सत्याग्रह झाला, त्यात ही मागणी होती, लोकांनी तुरुंग भरले. तरी चौतीस वर्षं लागली. दीक्षेच्या दिवशी जन्मलेलं मूल तोवर सरकारी नोकरीच्या वयातून बाहेर पडलेलं होतं. मी बँकेची परीक्षा १९९० नंतर दिली, म्हणून दाखल्यावर ‘बौद्ध’ असूनही मला राखीव जागा मिळाली. भावाच्या वेळी बाबांनी धसका घेऊन ‘हिंदू-महार’ लिहिलं होतं, त्याला आता जात पडताळणीच्या वेळी उलटं सिद्ध करत बसावं लागलं. आणि आमच्याच गल्लीतल्या दोन ख्रिस्ती घरांना, ज्यांचे आजोबा आणि माझे आजोबा एकाच मोहल्ल्यातून आले, तो रकाना अजून बंद आहे. त्यांच्यासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग २०२२ मध्ये नेमला गेला. शेजारची ताई म्हणते, आमचीही चौतीस वर्षं कधीचीच उलटून गेली.

धर्म लपवून जपण्याची विद्या विदर्भाला नवी नाही, हे मला रिद्धपूरला गेल्यावर जाणवलं. चक्रधर स्वामींचे गुरू गोविंदप्रभूंचं गाव. तेराव्या शतकात मराठीत धर्म सांगणारा, जातीचे आणि सोवळ्याचे नियम मोडणारा महानुभाव पंथ, आणि त्याला झालेला विरोध इतका की चक्रधरांचा शिरच्छेद झाल्याची आठवण त्या परंपरेत आहे. पुढे या लोकांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवले. मराठीतच लिहिलेलं, पण किल्ली नसेल तर मराठी माणसालाही वाचता येऊ नये असं. त्यामुळे ग्रंथ टिकले. आज मराठी भाषेच्या जुनेपणाचा पुरावा द्यायचा म्हटलं की आपण ‘लीळाचरित्र’ पुढे करतो, आणि आमच्या नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या वि. भि. कोलत्यांनी त्यावर आयुष्य वेचलं. पण त्या लिपीनं दुसरंही काम केलं. लपवतात म्हणजे काहीतरी वाईट असणार, हा संशय पंथाच्या मागे शेकडो वर्षं लागला. लोकांच्या तोंडी त्यांच्याबद्दल घाणेरड्या गोष्टी फिरत राहिल्या आणि त्या खोडून काढणारे ग्रंथ कुलुपात होते.

बाबांच्या पिढीच्या वाट्याला हेच थोडं निराळ्या तऱ्हेनं आलं. ‘तुम्ही फायद्यासाठी हिंदू आणि मिरवायला बौद्ध’ हे वाक्य मी बँकेत, शिकलेल्या माणसांकडून, चहा पिता पिता ऐकलेलं आहे. ज्यानं दार बंद केलं त्याला कुणी विचारत नाही. खिडकीतून आत आलेल्याच्या चपला मात्र सगळे बघतात.

उघडपणाचीही आमच्याकडे परंपरा आहेच, आणि ती दीक्षेच्याही आधीची. ‘जय भीम’ हा नमस्कार रूढ केला कामठीच्या बाबू हरदास यांनी. बाबासाहेब हयात असताना, १९५६ ला अजून कितीतरी वर्षं अवकाश असताना. ते १९३७ ला आमदार झाले आणि १९३९ च्या जानेवारीत, पस्तिशीच्या आसपास, वारले. कन्हानला त्यांच्या स्मृतिदिनी अजून लोक जमतात. रोज दहा वेळा, पोस्टमनला, भाजीवाल्याला, साहेबाला, भर रस्त्यात आपण कोण ते सांगायचं, अशी सोय त्या माणसानं करून दिली. आमच्या शाखेतला शिपाई काउंटरच्या पलीकडून खणखणीत ‘जय भीम, मॅडम!’ म्हणायचा, तेव्हा रांगेतली चार डोकी वळायची. त्याच शाखेत एक अधिकारी होते, आमच्यातलेच, ते सगळ्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे. त्यांनी पश्चिम नागपुरात भाड्यानं घर घेताना आडनाव अर्धवट सांगितलं होतं, कारण पूर्ण नाव विचारून झाल्यावर आधीच्या तीन घरांत ‘आता भाड्यानं द्यायचं नाही’ असं उत्तर आलं होतं. मला दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटायचे, आणि ते दोघं एकमेकांशी फार बोलायचे नाहीत.

खैरलांजीबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण रकान्याविषयी लिहितेय तर ते टाळता येत नाही. भंडारा जिल्ह्यातलं हे गाव. २९ सप्टेंबर २००६ ला तिथल्या एका बौद्ध घरातली आई, मुलगी आणि दोन मुलगे जमावानं मारले. त्या वर्षी दसरा होता २ ऑक्टोबरला, दीक्षेचं पन्नासावं वर्ष. आम्ही सगळे दीक्षाभूमीवर होतो, निळे झेंडे, पांढरे कपडे, पुस्तकांच्या पिशव्या, आणि आमच्यापैकी बहुतेकांना काही माहीत नव्हतं. पुढे महिनाभरानं नागपूर पेटलं, मोर्चे निघाले, संचारबंदी आली. खटला चालला, शिक्षाही झाल्या, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०१० मध्ये फाशीच्या शिक्षा पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणल्या. मात्र अॅट्रॉसिटीचा कायदा तिथे लागू झाला नाही. हत्या सूडातून झाली, जातीतून नाही, असं मानलं गेलं. गावात ते घर कुणाचं हे लहान पोराला ठाऊक होतं, आणि कोर्टात ते सिद्ध होईना. मोर्च्यात आमच्या वस्तीच्या बाया पुढे होत्या. बाबा गेले नाहीत. ते त्या दिवशी आपली सगळी प्रमाणपत्रं काढून टेबलावर मांडून बसले होते आणि कुणाशीच बोलले नाहीत.

आता जनगणना आली आहे, आणि यावेळी प्रत्येकाची जात विचारणार आहेत. २०११ ला महाराष्ट्रात पासष्ट लाख बौद्ध नोंदले गेले, देशातल्या दर चार बौद्धांमागे तीन. रविवारच्या वंदनेनंतर आमच्या विहारात आता दुसरा विषयच नसतो. धर्म बौद्ध, यावर एकमत. पुढच्या रकान्यावर घमासान. भावाची मुलगी म्हणते, जात लिहायचीच नाही, बाबासाहेबांनी जातीतून बाहेर काढलं आणि आपण परत आपल्या हातानं आत जायचं? तिला टाळ्या पडतात. मग रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका उठतात आणि विचारतात की जात लिहिली नाही तर अनुसूचित जातीचा आकडा कमी होईल, मग तुझ्या पोरांची शिष्यवृत्ती कशावरून ठरेल? त्यांनाही टाळ्या पडतात, मागच्या बाकांवरून जरा जास्त. गेल्या रविवारी कुणीतरी म्हणालं, भन्तेजींना विचारू. भन्तेजी म्हणाले, हा तुमचा प्रश्न आहे, मला जातच नाही.

घरी येऊनही विहारातलं ते भांडण माझ्या भावानं आणि त्याच्या मुलीनं पुढे चालू ठेवलं. मी पोळ्या लाटत होते आणि माझं मत बदलत होतं, एक पोळी इकडे, एक पोळी तिकडे. बाबा ऐकत होते. एकोणऐंशी वर्षांचे आहेत, कमी ऐकू येतं, पण हे सगळं ऐकलं त्यांनी. दोघं थकल्यावर त्यांनी नातीला जवळ बोलावलं.

“कागदावर लिवून घेतील का मोबाइलवर?”

“मोबाइलवर, आबा. आपण स्वतःही भरू शकतो.”

“मंग तूच भर. पन भरून झाल्यावर मले दाखवजो. म्या पाह्यल्याशिवाय पुढचं बटन दाबू नको.”